हदगाव निघालं समुद्राला

बोट कितीही पक्की असली तरी तिच्या तळाशी थोडं पाणी साचतंच. कुठून येतं ते बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही. अधूनमधून उपसलं नाही तर बोट जड होते. आमच्या किश्शांचं तसंच झालंय. बोटीची तयारी सुरू केली तेव्हापासून इतके साचलेत की आता उपसलेच पाहिजेत. उपसताना पाण्याबरोबर थोडा फेस येणार, तेवढा चालवून घ्या. नांदेडला माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, अन् गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून बोलत राहायची जिभेला सवय आहे. एवढं मात्र सांगतो, यातलं जे तुम्हाला थाप वाटेल ते नेमकं खरं असणार.

तर मिलिंद सोनकांबळे हा माझा शाळासोबती. मूळचा हदगावचा. शाळा संपली अन् तो नेव्हीत गेला. रिटायर झाल्यावर नांदेडला घर बांधलं अन् रोज माझ्या दुकानात येऊन बसू लागला. एकदा मी म्हणालो, लेका, जन्म समुद्रावर काढलास, कसा असतो ते सांग तरी. त्यानं कपातला चहा संपवला. मग म्हणाला, "शिवाभाऊ, मला काय म्हाईत? मी इंजन रूमला होतो."

म्हणजे जहाजाच्या पार पोटात. वर यायचा ते बंदर आल्यावर, अन् तेही झोपायला. अख्खी नोकरी समुद्रात झाली अन् समुद्र बघायचा राहून गेला! आता त्याला एकदाच, डेकवर बसून, किनारा दिसेनासा होईपर्यंत जायचं होतं. तेही शिडाच्या बोटीनं, कारण इंजिनाच्या आवाजाला त्याचे कान विटले होते. कोकणातून निघायचं अन् लक्षद्वीपला लागायचं, असा बेत ठरला. मी त्याच दिवशी दुकानाची किल्ली मुलाच्या हातात दिली.

अडचण एकच होती, कमलवहिनी. मिलिंदच्या मिसेस. त्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. नवरा समुद्रावर असताना नोकरी, लेकरं, सासूचं आजारपण, सगळं एकटीनं ओढलेलं. त्यांनी बेत नीट ऐकून घेतला. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"तयारी करा," त्या म्हणाल्या. "पन मी तोंडानं 'जा' म्हनल्याबिगर दोर सोडायचा न्हाई."

आता ही परवानगी झाली की मनाई? मिलिंद म्हणाला, परवानगी. मी म्हणालो, तारीख पडली.

*

बोट मिळाली कोकणात, सेकंडहँड. पण दुरुस्ती तिथं राहून करायची तर घरंदारं सोडावी लागणार. तेव्हा अर्धापूरचे बापूराव कदम म्हणाले, माझी केळीची पॅकिंग शेड मोकळी आहे, आणा तिकडंच. बापूराव माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या तिन्ही विहिरींवर मोटारी माझ्याच. त्यांनी शेडचं भाडं घेतलं नाही, फक्त म्हणाले, "मला बी न्या." समुद्र पाहिलाय का, विचारलं तर म्हणाले, टीव्हीत.

पोकलेन वाहून नेतात त्या ट्रेलरवर बोट घाट चढून आली. शेडपाशी आल्यावर कळलं की बोट उंच अन् शेडचं दार बुटकं. मग रस्त्याकडेला, केळीच्या बागेतच लोखंडी घोडे रोवून तिला उभी केली. रस्त्यावरून बघितलं की खालचा भाग केळीच्या पानांत बुडालेला अन् वरची अर्धी बोट हिरव्या पाण्यावर तरंगून राहिलेली! ट्रकवाले थांबायचे, नवरा-नवरी फोटो काढून जायचे. एक म्हातारे रोज येऊन विचारायचे, धरणाचं पाणी हितवर येनार हाय का?

आठवडाभरात बसमधल्या कंडक्टरनं आवाज द्यायला सुरुवात केली, "चला, जहाजवाले फुडं या." म्हाताऱ्या बाया तिकीट मागू लागल्या, "एक जहाज द्या." वहिनी पहिल्यांदा बोट बघायला आल्या त्या याच बसनं. पेशंटचं पोट तपासावं तशी त्यांनी बोट बोटांनी टकटक वाजवून बघितली, सगळीकडून फिरल्या, अन् परतीच्या बसला हात केला. काय वाटलं ते सांगितलं नाही.

बोट तिथून जाऊन आता बरेच महिने झाले. स्टॉप अजून 'जहाज'च आहे. नवीन माणूस उतरतो अन् केळीत जहाज शोधत फिरतो.

*

आमच्यात शीड चालवता येणारं माणूस एकच, लातूरच्या जयश्री बिरादार मॅडम. खेळाच्या शिक्षिका. पोहायला विहिरीत शिकल्या, शीड चालवायला गोव्यात. ज्या गावाला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथली बाई आम्हाला समुद्र शिकवणार म्हटल्यावर बापूरावांना हसू आवरेना. मॅडम म्हणाल्या, हसा. पण बोटीवर गोडं पाणी मोजून वापरायचं असतं. तुमच्यात कोण एका तांब्यात अंघोळ करून दाखवतो, सांगा.

बापूरावांनी पैज घेतली. तांब्या डोक्यावर ओतला अन् अंगाला साबण तसाच राहिला. मॅडमनी डेमो तोंडी सांगितला: आधी काय ओलं करायचं, पाणी खाली परातीत कसं धरायचं, त्याच पाण्यात मग कपडे, अन् शेवटी तेच तुळशीला. मिलिंद थक्क झाला. म्हणाला, आम्हाला नेव्हीतबी हे कुणी शिकिवलं न्हाई. मॅडम म्हणाल्या, नेव्हीला उन्हाळा कुठं असतो?

याच मॅडमनी एकदा शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं की परदेशी खलाशी बोटीवर केळी नेत नाहीत. अपशकुन मानतात. केळी असली की बोट बुडते म्हणे.

समोर केळ्यांच्या घडांची रास, बाजूला बापूराव. मी हळूच मिलिंदकडे बघितलं, मिलिंद छताकडे बघत होता.

बापूराव शांतपणे म्हणाले, "मॅडम, बोट इतक्या म्हैन्यापासून कुठं हुबी हाय?"

"केळीत."

"मंग बुडायची आसती तर हितंच बुडली नसती का?"

मॅडमनी केळं सोललं. विषय संपला.

*

बोटीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मिलिंदनं डोकं चालवलं. नाव 'कमल' ठेवू, म्हणजे वहिनींना नाही म्हणता येणार नाही. त्यानं पेंटरला गुपचूप बोलावून मागच्या बाजूला झोकात अक्षरं काढून घेतली, कमळाचं फूलसुद्धा. मग वहिनींना घेऊन आला अन् चादर ओढली. आम्ही तिघंही टाळ्या वाजवायच्या तयारीत.

वहिनींनी नाव वाचलं. म्हणाल्या, "पुसा."

"आगं, का?"

"उद्या काय झालं तर पेपरात येईल, कमल बुडाली. माझ्या म्हायेरचे बस धरून येतील की."

आता काय ठेवायचं? बापूराव म्हणाले, देवाचं ठेवा. मिलिंद म्हणाला, बाबासाहेबांचं ठेवू. मी म्हणालो, दुकानाचं ठेवा, बोर्डाचे पैसे वाचतील. शेवटी निकाल वहिनींनीच दिला. "तुमच्या गावाचं ठिवा. हदगाव. बुडालं म्हनून सांगितलं तरी कोनी इस्वास ठेवनार न्हाई."

म्हणून आमच्या बोटीचं नाव 'हदगाव'. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावाचं नाव असलेली दुसरी बोट तुम्ही दाखवा, मी दुकान तुमच्या नावावर करतो.

मिलिंद मात्र खूश झाला. वहिनींनी नाव सुचवलं म्हणजे मन वळून राहिलं, असं त्याचं म्हणणं. मी वहिनींना विचारलंच. त्या म्हणाल्या, "भाऊजी, बारसं केलं. सासरी धाडलं न्हाई."

*

वादळाच्या वेळी मोठं शीड उतरवून छोटं, जाड कापडाचं शीड चढवतात. ते आमच्याकडे नव्हतं. नवं मागवलं असतं तर महिना गेला असता. मी म्हणालो, नांदेडात जाड कापड शिवणारा माणूस एकच, मंडपवाले गफूरचाचा. ज्यांचा मांडव उन्हाळ्यातल्या वावटळीत उडत नाही, त्यांचं शीड काय उडणार?

चाचांना कागदावर आकृती काढून दिली. त्यांनी विचारलं, शादी किसकी है? समुद्रात जाऊन राहिलो म्हटल्यावर ते मनापासून हळहळले, पण काम घेतलं. टाके असे घातले की दोन्हीकडून बैल जुंपले तरी फाटू नये. मॅडमनी ओढून, ताणून, पाणी टाकून बघितलं. पास.

फक्त दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे खालच्या कडेला चाचांनी लाल झालर लावली होती. झालर कशाला, विचारलं तर म्हणाले, नंगा अच्छा नहीं दिखता. अन् दुसरी म्हणजे शिडाच्या बरोब्बर मध्यभागी, हातभर अक्षरांत, त्यांच्या मंडप डेकोरेटर्सचं नाव!

मिलिंदनं डोक्याला हात लावला. म्हणाला, चाचा, तिथं समुद्रात कोण वाचणार हे?

चाचा सुईत दोरा ओवत म्हणाले, "नाव नहीं डाले तो लोगां को मालूम कैसा होना? तूफान में सब मेरेच कू ढूंडते."

*

बोट लागू नये म्हणून काय करायचं? म्हणजे समुद्रात पोट ढवळतं त्याचा सराव नांदेडात कसा करायचा? मिलिंदनं उपाय काढला. लातूरच्या गाडीत सगळ्यात मागच्या सीटवर बसायचं, मांडीवर नकाशा पसरायचा अन् कंपास बघून गाडी कुठल्या दिशेला चाललीय ते दर वळणाला सांगायचं. पोटात जे राहील ते आपलं.

आम्ही निघालो. सुरुवातीला लई मजा वाटली. मी "नैऋत्य, दक्षिण, पुन्हा नैऋत्य" असं ओरडून राहिलो होतो अन् गाडीतले प्रवासी माझ्याकडे पत्रिका बघणाऱ्याकडे बघावं तसे बघत होते. एका बाईनं मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मी म्हणालो, नैऋत्येचं स्थळ येईल.

पुढं रस्त्याचं काम चालू होतं. गाडी अशी उडाली की नकाशा खिडकीतून जाता जाता वाचला. बापूरावांनी तोंडाला उपरणं लावलं. मी कंपास सोडून सीट धरली. मिलिंद, जन्मभर जहाजात राहिलेला मिलिंद, पांढराफटक पडला. जयश्री मॅडम मात्र शेंगा सोलून खात बसल्या होत्या.

कंडक्टर मागे आला, आमची अवस्था बघितली अन् पिशव्या वाटल्या. विचारलं, कुठं चाललात म्हणून. मिलिंद पिशवीतून तोंड काढून म्हणाला, लक्षद्वीपला.

कंडक्टर म्हणाला, "ही गाडी लातूरपत्तुरच जाती."

*

वहिनींनी एके दिवशी आम्हाला घरी बोलावलं. टेबलावर सलाईनच्या बाटल्या, सुया अन् केळ्यांची फणी. म्हणाल्या, बोटीवर कुणाला काही झालं तर डॉक्टर पोहत येणार नाही. इंजेक्शन देता आलं पाहिजे. आधी केळ्याला द्या, मग माणसाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सुई शिकवायला लागल्या, म्हणजे झालंच की काम! मिलिंदच्या चेहऱ्यावर तर दिवाळी. मॅडमनी दिलं, मी दिलं, मिलिंदनं दिलं. बापूराव मात्र सुई हातात धरून थबकले. केळं उचलायचे, फिरवायचे, पुन्हा खाली ठेवायचे. कपाळावर घाम.

वहिनी म्हणाल्या, राहू द्या, भाऊजींच्या दंडाला द्या. बापूरावांनी वळून खट्कन माझ्या दंडात सुई घातली. डोळ्याची पापणी हलली नाही.

मी कळवळून म्हणालो, केळ्याला हात थरथरतो अन् मला बरी देता येते?

"त्ये इकायचं आसतंय, शेठ," बापूराव म्हणाले. "तुमाला कोन घेनार हाय?"

निघताना मिलिंदनं दारात घुटमळत वहिनींना विचारलं, मग आता जा म्हणायला काय हरकत आहे? वहिनी केळ्यांतल्या सुया काढत होत्या. म्हणाल्या, "सुई शिकिवली. जा म्हनले न्हाई."

*

मग बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली, विष्णुपुरीला, धरणाच्या बॅकवॉटरमध्ये. क्रेननं अलगद खाली ठेवली अन् ती तरंगली! आम्ही लहान पोरांसारखे नाचलो. डोलकाठी चढवली, शीड वर गेलं, वारा भरला, अन् हदगाव गोदावरीत एका अंगावर कलून असं सुटलं की बापूरावांनी बसल्या जागी डोलकाठीला मिठी मारली.

मिलिंद सुकाणूवर होता. डोळे मिटून म्हणाला, "शिवाभाऊ, ऐक. कसलाच आवाज न्हाई. हेच पाहिजे होतं मला."

खरंच आवाज नव्हता. पण कारण मला दिसून राहिलं होतं. दोन्ही काठांना शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्यात सोडलेल्या असतात. त्या वर्षी पाणी पिण्यासाठी राखून ठेवलेलं, मोटारींना बंदी. कुणी ऐकत नव्हतं ती गोष्ट वेगळी. अन् पांढरं शीड लावून, लाईफ जॅकेट घालून चार माणसं पाण्यातून येताना दिसल्यावर काठावर एकच बोंब उठली, पथक आलं! आम्ही जसजसे पुढं सरकायचो तसतशी एकेक मोटर बंद पडत जायची. मिलिंद म्हणायचा, आहाहा, काय शांती.

पुढच्या वळणाला एक शेतकरी गुडघाभर पाण्यात उभा, दोन्ही हातांनी मोटर पोटाशी धरून. मला ओळखलं त्यानं.

म्हणाला, "शेठ, तुमीच इकता अन् तुमीच पकडायला येता व्हय?"

*

पाण्यात पडलेल्या माणसाला कसं उचलायचं, याचा सराव बाकी होता. माणूस म्हणून काय टाकायचं? बापूराव म्हणाले, केळीचा खुंट. बुडत नाही, उंचीलाही माणसाएवढा. त्याला त्यांनी स्वतःचा जुना शर्ट घातला, गुंड्या लावल्या. त्या दिवशी वहिनी मुद्दाम बघायला आल्या होत्या, काठावर खुर्ची टाकून. म्हणजे आज निकाल, असं आम्ही धरून चाललो.

मॅडमनी खुंट पाण्यात ढकलला अन् ओरडल्या, माणूस पडला. त्यापुढं एकानं हाताचं बोट खुंटाकडे रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही. ते काम बापूरावांचं. मिलिंदनं बोट वळवली, वारा चुकला, शीड फडफडलं. आम्ही खुंटाच्या डावीकडून गेलो. पुन्हा वळलो, उजवीकडून गेलो. तिसऱ्यांदा मी दोर फेकला तो माझ्याच पायात. तेवढ्यात खुंट वेळूच्या बनाकडे वाहत गेला अन् दिसेनासा झाला. बापूराव तरी बोट रोखून उभेच.

मॅडम संतापल्या. म्हणाल्या, माणूस दिसत नाही आता. सांगा, पुढं काय करायचं?

बापूराव म्हणाले, "घरच्याला कळवायचं."

आम्ही हसलो, मॅडमसुद्धा हसल्या. हसतच काठाला लागलो. वहिनी खुर्चीतून उठून पाण्यापाशी आल्या होत्या. विचारलं, "त्यो खुंट म्हंजे कोन व्हतं?"

मिलिंद म्हणाला, आगं, कुणी न्हाई. कल्पना करायची फक्त.

"केली म्या," वहिनी म्हणाल्या, अन् बस स्टॉपकडे चालू लागल्या.

त्या संध्याकाळी मिलिंद माझ्या दुकानात नुसता बसून होता. म्हणाला, गेलं, शिवाभाऊ. आता न्हाई म्हणणार ती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं पुन्हा विष्णुपुरीला. महिनाभर तेच केलं. शेवटी शेवटी केळीचे खुंट संपत आले, पण एकही वाहून गेला नाही. मिलिंदनं वहिनींना दोनदा बघायला बोलावलं. त्या आल्या नाहीत. फोनवर विचारायच्या, आज किती वेळात उचलला? अन् सांगितलं की फोन ठेवून द्यायच्या.

*

आता शेवटचा. थंडी सरायच्या बेताला बोट पुन्हा ट्रेलरवर चढून कोकणात आली. छोटंसं बंदर. परवानग्या, तपासण्या सगळं मॅडमनी करून घेतलं होतं. मच्छीमार जमले, नाव वाचलं अन् विचारलं, हदगाव खंयचा बंदर? बापूराव छाती काढून म्हणाले, लई मोठं हाय. कापूस, सोयाबीन, समदं तिथंच उतरतंय.

वारा छान. पाणी भरलेलं, ओहोटी लागायच्या आत खाडीतून बाहेर पडायचं होतं. अन् वहिनी जेट्टीवर. आदल्या दिवशीच बसनं येऊन राहिलेल्या. अजून 'जा' म्हणाल्या नव्हत्या. दोर मिलिंदच्या हातात, पण सोडायची टाप नाही.

वहिनी बोटीवर चढल्या. औषधांचा डबा उघडून बघितला. पाण्याचे कॅन बघितले. मग वाकून, पायऱ्यांखाली बसवलेलं छोटं डिझेल इंजिन बघितलं. वारा पडला तर अडचण नको म्हणून ते ठेवावंच लागतं.

"हे बंद पडलं तर खाली कोन उतरनार?"

"मी," मिलिंद म्हणाला. विचारसुद्धा केला नाही त्यानं.

"मंग न्हाई."

आम्हाला कुणाला कळेना. मिलिंदचा चेहरा पडला. तो समजावू लागला की इंजिन त्यालाच येतं, जन्म त्यातच गेला, म्हणून तर काळजी नको. वहिनींनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "जल्मभर खालीच व्हता तुमी. तुमी वरून समुद्र बघायचा म्हनून म्या एवढं समदं चालू दिलं. आन आता पुना खालीच उतरायचं आसंल तर घरी चला."

मिलिंद इंजिनापासून बाजूला सरकला.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, उतरा."

माझं मोटारींचं दुकान खरं, पण मिलिंदनं आजवर मला या इंजिनाजवळ फिरकू दिलं नव्हतं. मी खाली गेलो. वहिनी वर पायरीशी, वॉर्डात राउंड घ्यावा तशा. म्हणाल्या, डिझेलच्या लायनीत हवा धरली आहे असं समजा. मी नट ढिला केला, हातपंप दाबत राहिलो, बुडबुडे गेले, नुसतं डिझेल यायला लागल्यावर नट आवळला, बटण दाबलं. इंजिन धडधडलं. बंद करा, त्या म्हणाल्या. आता बापूराव. बापूराव शेतातली डिझेल मशीन चालवलेला माणूस, त्यांनी माझ्याहून लवकर केलं. मग मॅडम. वर मच्छीमार घड्याळ दाखवून ओरडत होते, पाणी उतरून राहिलं होतं. वहिनी हलल्या नाहीत. मॅडमच्या हातून इंजिन सुरू झालं तेव्हाच त्या जेट्टीवर उतरल्या.

नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, वरच बसायचं, जेवायलाबी खाली जायचं न्हाई, ताट हातात मागून घ्यायचं. मग त्याच्या हातातला दोर घेऊन मॅडमकडे दिला.

"जा आता."

मॅडमनी दोर सोडला. बापूराव मोठ्यानं ओरडले, मच्छीमारांनी शिट्ट्या घातल्या. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद केलं, शीड चढलं, पहिली लाट खालून आली अन् तिनं हदगावला अख्खं उचललं. समोर एकही झाड नाही, डोंगर नाही, काठ नाही! निळं, हिरवं, पांढरं, जिथवर नजर जाईल तिथवर हलतं, चमकतं पाणी. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! मॅडम रडत होत्या की तुषार उडाले होते, सांगता येत नाही. मी वळून मिलिंदकडे बघितलं. म्हटलं, या क्षणाला ह्याचं तोंड बघायलाच पाहिजे.

मिलिंद सुकाणू धरून वरच बसला होता, सांगितल्याप्रमाणे. पण मान पार मागे वळवून. जेट्टीवर आता बारीक ठिपका दिसत होता, त्याच्याकडे बघत.

बोट वाकडीतिकडी चालायला लागली. बापूरावांनी थोडा वेळ वाट बघितली, खाकरले, अन् शेवटी अगदी हळू म्हणाले,

"कॅप्टन, समुद्र हिकडं हाय."